वाहता बोया कोणाचा?

ज्या रविवारी आम्हाला आउट-पास मिळतो, त्या दिवशी निम्मे कॅडेट कमर्शियल स्ट्रीटला जातात आणि तिथून चालत शिवाजीनगरला. सहावीत पहिल्यांदा हे नाव ऐकले तेव्हा मला वाटले होते की इथे नक्की मराठी ऐकू येणार. आली नाही. या भागाचे जुने नाव ब्लॅकपल्ली, आणि इथे चालते उर्दू, तमिळ आणि कन्नड. पण रसेल मार्केटच्या मासळीच्या गाळ्यांपुढे एक शब्द एकदम ओळखीचा लागला: ‘बंगुडे’. म्हणजे आपला बांगडाच! सुरमईला इथे ‘अंजल’ म्हणतात, ते विचारावे लागले, पण बांगड्याला दुभाषा लागला नाही.

१९३३ साली सुरू झालेल्या या मार्केटपासून समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. बांगडा मलपे-मंगळूरहून रातोरात बर्फात घालून येतो. एकदा एका गाळेवाल्या चाचांना मी विचारले, “एवढ्या मोठ्या समुद्रात मासा कुठे आहे हे कसे कळते?” ते हसले आणि म्हणाले, “पहले नसीब से, अब मोबाइल से.” त्या मोबाइलच्या मागे कोण आहे हे शोधताना मला एक यंत्र भेटले. ते मी आधी पाहिलेले होते, पण मला ते ठाऊक नव्हते. तो किस्सा शेवटी सांगतो.

यंत्राचे नाव वाहता बोया. बंदरात साखळीने बांधलेला बोया आपल्याला माहीत असतो. वाहत्या बोयाला साखळी नाही, नांगर नाही, इंजिन नाही. पस्तीस-चाळीस सेंटिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा गोळा पाण्यावर तरंगतो. त्याच्या आत बॅटऱ्या, अँटेना आणि उपग्रहाकडे संदेश पाठवणारे यंत्र असते, आणि बुडाशी पाण्याचे तापमान मोजणारा छोटा तापमापक. काहींना हवेचा दाब मोजायचे साधनही असते. गोळ्याखाली लांब दोर आणि दोराच्या टोकाला भोके पाडलेला मोठा कापडी नळा. या नळ्याचा मध्य पाण्याखाली पंधरा मीटरवर राहतो.

सगळी हुशारी त्या कापडात आहे. नुसता गोळा पाण्यात सोडला तर वारा त्याला ढकलत नेईल आणि आपल्याला वाऱ्याची दिशा कळेल, प्रवाहाची नाही. पंधरा मीटरवरचा नळा पाण्याला धरून ठेवतो, त्यामुळे गोळा पाणी जाईल तिकडे जातो. नळा तुटला तर बोया बंद पडत नाही, पण त्याची साक्ष बदलते. म्हणून दोरावर ताण आहे की नाही हेही तो कळवत राहतो. बोया ‘मी इथे आहे, पाणी इतके गरम आहे’ एवढेच सांगतो, पण ते तो दर तासाला सांगतो आणि बहुतेक वेळा वर्षभराहून जास्त काळ सांगत राहतो.

आता बांगड्याकडे येऊ. हैदराबादला ‘इन्कॉइस’ नावाची भारत सरकारची सागरी माहिती सेवा संस्था आहे. मासे कुठे सापडण्याची शक्यता जास्त आहे याचा सल्ला ती मच्छीमारांना देते, मराठीतही देते. गार आणि कोमट पाणी जिथे भिडते तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्या मागे छोटे मासे आणि त्यांच्या मागे मोठे. उपग्रह वरून पाण्याचे तापमान आणि हिरवेपणा मोजतो आणि त्यावरून असा पट्टा ओळखता येतो. पण उपग्रहाला पाण्याची फक्त वरची कातडी दिसते, तीही ढग नसतील तेव्हा. त्याने सांगितलेला आकडा बरोबर आहे का, हे ताडून पाहायला प्रत्यक्ष पाण्यात बुडवलेला तापमापक हवा. हे काम वाहते बोये करतात. आमच्या सुभेदारसाहेबांच्या भाषेत सांगायचे तर उपग्रह हा दुर्बीण घेतलेला टेहळ्या आणि बोया हा पुढे जाऊन खातरजमा करणारा स्काउट.

बोयाचा आवाज ऐकण्यात बेंगळुरूचाही हात आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून सुरू केलेली ‘आर्गोस’ नावाची उपग्रह-व्यवस्था बोयांचे आणि पाठीवर ट्रान्समीटर लावलेल्या कासवांचे संदेश टिपते. इस्रो आणि फ्रान्सने मिळून केलेला ‘सरल’ उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला, त्यावर आर्गोसचे यंत्र होते. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सुटलेल्या ओशनसॅट-३ वर त्याची पुढची आवृत्ती आहे. इस्रोचे मुख्यालय आणि उपग्रहांवर लक्ष ठेवणारे केंद्र दोन्ही याच शहरात आहेत. (हल्ली पुष्कळ बोये इरिडियम या दुसऱ्या उपग्रहमालेमार्फत बोलतात. आणि आर्गोस म्हणजे ‘आर्गो’ नव्हे. आर्गो हे दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येणारे वेगळे यंत्र. माझी दोनदा गफलत झाली, म्हणून सांगून ठेवतो.) चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने ‘प्रद्यु’ नावाचा देशी वाहता बोयाही बनवला आहे, तो आपल्या इन्सॅट उपग्रहांमार्फत बोलतो.

आपल्या समुद्राला असे बोये जास्तच लागतात, कारण हिंदी महासागर इतर महासागरांसारखा वागत नाही. अटलांटिकमधला मोठा प्रवाह वर्षभर साधारण एकाच बाजूला वाहतो. आपल्याकडे मोसमी वारा उलटला की प्रवाहही उलटतो. कोकण-कर्नाटकच्या किनाऱ्याजवळचे पाणी पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहते आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. हिवाळ्यातल्या या प्रवाहाबरोबर बंगालच्या उपसागरातले कमी खारे पाणी केरळला वळसा घालून आपल्या बाजूला येते. म्हणजे एकदा नकाशा काढला आणि काम संपले असे इथे होत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये चारशेहून अधिक वाहत्या बोयांच्या वाटा एकत्र करून उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठप्रवाहांचे चित्र मांडले. ही संस्था दोना पावला येथे आहे आणि १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली.

पण हे बोये समुद्रात सोडतो कोण? मी समजत होतो की शास्त्रज्ञांची खास जहाजे सोडत असतील. ती सोडतातच, पण महासागर एवढा मोठा आहे की त्यांना ते पुरणार नाही. अक्षांश-रेखांशांच्या पाच-पाच अंशांच्या प्रत्येक चौकोनात एक बोया ठेवायचा तर जगभर १२५० बोये सतत चालू लागतात. हा आकडा पहिल्यांदा सप्टेंबर २००५ मध्ये गाठला गेला, कॅनडातल्या हॅलिफॅक्सजवळ एका शिडाच्या जहाजावरून १२५०वा बोया सोडून. जुने बोये बंद पडतात, म्हणून नवे सोडत राहावे लागतात. हे काम मालवाहू जहाजांवरचे खलाशी, नौदलाची जहाजे आणि शर्यतीतल्या शिडाच्या नौकासुद्धा करतात. २०१७-१८ च्या व्होल्व्हो ओशन रेसमधल्या नौकांनी दक्षिणेच्या ज्या समुद्रात सहसा कोणी जात नाही तिथे बोये सोडले होते.

लोकांच्या मदतीने समुद्र समजून घ्यायची ही रीत जुनी आहे आणि तिचा जनक, आम्हा कॅडेटना आवडेल असा, एक नौदल अधिकारी आहे. अमेरिकन नौदलातला लेफ्टनंट मॅथ्यू मॉरी घोडागाडीच्या अपघातात पाय जायबंदी झाल्यामुळे समुद्रावर जाऊ शकत नव्हता. त्याला जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांच्या कोठारावर बसवले. दुसरा कोणी असता तर कुढत बसला असता. याने त्या धूळ खाणाऱ्या वह्यांतून वारे आणि प्रवाह वेचून १८४० च्या दशकाच्या शेवटी नकाशे काढायला सुरुवात केली. मग कप्तानांपुढे सौदा ठेवला: तुम्ही मला तुमच्या प्रवासाच्या नोंदी द्या, मी तुम्हाला नकाशे फुकट देतो. नकाशामुळे प्रवासाचे दिवस वाचायला लागल्यावर कप्तान आपण होऊन नोंदी पाठवू लागले. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला अनेक देशांची परिषद भरली आणि नोंदी कशा ठेवायच्या हे ठरले. हा सौदा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

कधी कधी सौदा न करताही लोक मदतीला येतात. १९९२ च्या जानेवारीत उत्तर पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून कंटेनर पडला आणि आंघोळीच्या टबातली २८,८०० प्लास्टिकची खेळणी, म्हणजे बदके, कासवे, बेडूक आणि बीव्हर, समुद्रात गेली. काही महिन्यांनी ती अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली. कर्टिस एबसमायर या शास्त्रज्ञाने किनाऱ्यावर फिरणाऱ्या लोकांकडून कुठे काय सापडले याच्या नोंदी गोळा केल्या आणि त्यावरून प्रवाहांचा अंदाज तपासला. हा किस्सा गमतीचा आहे. पुढचा नाही. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच ३७० विमान नाहीसे झाले. सोळा महिन्यांनी, २९ जुलै २०१५ रोजी, हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर किनारा साफ करणाऱ्या कामगारांना त्याच्या पंखाचा तुकडा सापडला. तो तिथे कुठून आला असेल हे उलट मोजत जाण्यासाठी ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी वाहत्या बोयांच्या जुन्या वाटा वापरल्या. विमान अजून सापडलेले नाही. बुडालेल्या होडीतला माणूस वाहत कुठे गेला असेल, हा प्रश्न तटरक्षक दलापुढेही नेहमी असतो. त्यासाठी इन्कॉइसने २०१६ मध्ये ‘सरत’ नावाची संगणकप्रणाली दिली. अशी कोणतीही प्रणाली तिला मिळणाऱ्या प्रवाहांच्या माहितीइतकीच चांगली असते.

शाळांसाठीची योजना मला सगळ्यात आवडली. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने डिसेंबर २००४ मध्ये ‘बोया दत्तक घ्या’ ही योजना सुरू केली. अमेरिकेतली एक शाळा आणि दुसऱ्या देशातली एक शाळा मिळून एक बोया दत्तक घेतात. मुले त्यावर आपल्या शाळेचे स्टिकर लावतात, बोया समुद्रात सोडला जातो आणि मग दोन्ही वर्गांतली मुले नकाशावर त्याची वाट काढत बसतात. दक्षिण महासागरातल्या बुडी मारणाऱ्या यंत्रांनाही शाळकरी मुलांनी नावे दिली आहेत. आपल्याकडे हेच कासवांच्या बाबतीत झाले. २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पाच ऑलिव्ह रिडले माद्यांना ट्रान्समीटर लावले आणि त्यांची प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी अशी नावे ठेवली. पुढच्या वर्षी बागेश्री गुहागरहून निघून श्रीलंकेला वळसा घालत बंगालच्या उपसागरात पोचली, तेव्हा माझी आई फोनवर मला तिची खबर द्यायची. सागरी प्रवाह या शब्दात आईला कधी रस नव्हता. बागेश्री कुठे पोचली यात होता.

मात्र दत्तक घेणारी मुले बोयापासून हजारो किलोमीटर दूर असतात. बोयाला खरोखर हात लावतो तो मच्छीमार, आणि इथे प्रकरण अवघड होते.

तरंगणाऱ्या कोणत्याही वस्तूखाली मासे जमतात. साखळीने बांधलेल्या मोठ्या बोयांखाली तर फारच. म्हणून होड्या तिथे येतात, कधी बोयालाच दोर बांधतात, जाळी अडकतात, दोर कापले जातात, सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या काढून नेल्या जातात. भारतातच नाही, जगात सगळीकडे हे घडते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादला इशारा-केंद्र सुरू झाले. समुद्रतळावरचे दाबमापक लाट ओळखतात, पण त्यांचा निरोप उपग्रहापर्यंत पोचवतो तो पाण्यावरचा बोया. तो बोया तुटला तर खालचा पहारेकरी जागा असूनही मुका होतो. आमच्याकडे रात्रीच्या पहाऱ्याला शिट्टी हरवली तर जी शिक्षा होते ती आठवून मला हे लगेच समजले.

यात मच्छीमारांना चोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. देवगडला माझा मामा होडीवर जातो. त्याला मी सुट्टीत विचारले, तेव्हा तो म्हणाला, “अरे, जाळ्यात काय अडकलंय ते वाचत बसू की जाळं वाचवू? फाटलं तर भरपाई कोण देतो?” मला उत्तर देता आले नाही. बोयावर ‘हे शास्त्रीय उपकरण आहे’ असे लिहिलेले असले तरी ते इंग्रजीत. जाळे फाडणारी वस्तू कोणाची आहे आणि ती आपल्या काय उपयोगाची, हे मामाला कोणी सांगितलेच नव्हते. मॉरीने कप्तानांना नकाशे दिले तसे आपण मामाला काय देतो?

थोडे देतो, आणि ते एका वादळानंतर वाढले. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळ अचानक वाढले, तेव्हा केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. किनाऱ्यापासून दूर मोबाइल चालत नाही, त्यामुळे इशारा निघूनही त्यांना कळला नाही. शेकडो परतले नाहीत. काही होड्या मात्र वाऱ्यापुढे उत्तरेला सरकत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. ६८ होड्यांतून ९५२ माणसे सुखरूप आली. मामाने त्या देवगड बंदरात पाहिल्या. त्यांची भाषा कोणाला येत नव्हती. “पेज दिली की भाषा लागत नाही,” असे मामी म्हणते. नंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे छोटे उपकरण आले. ते गगन उपग्रहसेवेकडून वादळाचा इशारा, लाटांचा अंदाज आणि माशांच्या पट्ट्याचा सल्ला खोल समुद्रातही घेते आणि मोबाइलवर दाखवते. ते बनवणारी कंपनी बेंगळुरूची आहे. त्याची एक उणीव म्हणजे ते फक्त ऐकते, होडीवरून उलट काही सांगता येत नाही.

माझ्या मते भागीदारीचे खरे काम इथेच राहिले आहे. बोयाने मोजलेले तापमान आणि दाब अंदाजात जातात आणि अंदाज होडीवर येतो, हे सगळे खरे आहे. पण बोया जाळ्यात आला की तो कोणाला कळवायचा, परत दिला तर जाळ्याचे काय, हे मराठी, कन्नड, मल्याळममध्ये गोळ्यावरच छापलेले असावे आणि फोन उचलणाऱ्यालाही ती भाषा यावी. शाळांनी बोया दत्तक घ्यायचा असेल तर जोडीदार शाळा परदेशातच कशाला हवी? बेंगळुरूची एक आणि देवगड किंवा मलप्याची एक शाळा चालणार नाही का? आम्ही इथे नकाशावर वाट काढू. ज्यांचे वडील होडीवर जातात ती मुले घरी जाऊन सांगतील की तो पांढरा गोळा आमचा आहे.

आता तो राहिलेला किस्सा. मागच्या सत्रात लायब्ररीत वाहत्या बोयाचे चित्र पाहिले आणि मी उडालोच. मामाच्या पडवीत अबोली लावलेली एक पांढरी कुंडी आहे, अर्धा गोल, काठाला खाचा. मी लहानपणापासून ती पाहतो. रविवारी फोनची पाळी आली तेव्हा मामाला ती तपासायला सांगितली. बुडाला काय आहे? मामा म्हणाला, बुडाला कडी आहे आणि शेजारी धातूचे बोंडूक आहे, बटणाएवढे. तो बहुतेक तापमापक. वरचा अर्धा भाग, म्हणजे अँटेना असलेला, कुठे गेला ते कोणाला आठवत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली वस्तू शेजाऱ्यांनी आणून दिली होती, एवढेच मामीला आठवते. मी नंबर विचारला. प्रत्येक बोयाला नंबर असतो आणि नंबर मिळाला तर तो कुठे सोडला होता, कोणत्या वाटेने देवगडला आला, सगळे सापडू शकते. मामाने ओल्या फडक्याने पुसून पाहिले. एक इंग्रजी ‘एन’ आणि अर्धवट ‘३’ किंवा ‘८’ एवढेच उरले आहे, बाकीचे उन्हाने गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः जाऊन पाहणार आहे. कदाचित आतल्या बाजूला, मातीखाली, आणखी एखादा आकडा असेल. मामाची हरकत नाही. मामी म्हणते, अबोलीचा बहर संपेपर्यंत कुंडीला कोणी हात लावायचा नाही.